दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन पूर्वज कसा शोधतात? चर्चच्या वह्या आणि जनगणनेच्या कागदांची गोष्ट

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मॅरिंग्विन नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या कॅथलिक दफनभूमीत एक जुना दगड आडवा पडला होता. अक्षरं मात्र वाचता येत होती : नीली हॉकिन्स, मृत्यू १६ एप्रिल १९०२.

२०१६ साली बॅटन रूज शहरातल्या एका महिलेला हा दगड सापडला. नीली हे तिचे खापरपणजोबा. पूर्ण नाव कॉर्नेलियस हॉकिन्स. साधारण १३ वर्षांचे असताना त्यांना गुलाम म्हणून विकण्यात आलं होतं आणि विकणारे होते मेरीलँडमधले जेझुइट धर्मगुरू. ही गोष्ट तिला साठी उलटल्यावर कळली. ती ज्या गावात लहानाची मोठी झाली, त्याच गावात तिचा हा पूर्वज शंभराहून जास्त वर्षं मातीखाली होता.

१८३८ मध्ये विकलेला एक मुलगा आणि २०१६ मधली एक बाई. मध्ये पावणेदोनशे वर्षं. हा धागा जुळला कसा? तर मुख्यतः दोन प्रकारच्या कागदांमुळे : सरकारची जनगणना आणि चर्चच्या नोंदवह्या. अमेरिकेत जुना पूर्वज शोधणारे बहुतेक सगळे याच दोन वाटांनी जातात. आज पाहूया या वाटा नेमक्या कशा आहेत, कुठे खड्डे आहेत आणि "सापडला!" असं कधी म्हणायचं.

आधी एक प्रश्न : ही नोंद कुणी आणि कशासाठी केली?

जुना कागद हातात आला की आपण थेट नाव शोधायला लागतो. जाणकार मंडळी मात्र आधी विचारतात, हे लिहिलं कुणी आणि त्याला काय हवं होतं? कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याही कारकुनाने किंवा पाद्र्याने "पुढे याचे वंशज शोधत येतील" म्हणून काही लिहिलेलं नाही.

अमेरिकन राज्यघटनेने दर दहा वर्षांनी शिरगणती करायला सांगितली, ती प्रतिनिधीगृहात कुठल्या राज्याला किती जागा हे ठरवण्यासाठी. त्यामुळे सरकारला हवे होते आकडे. माणसांची नावं त्या मानाने बिनमहत्त्वाची. गुलामांची तर घटनेनेच तीन पंचमांश अशी गणती ठरवली होती. पाच गुलाम म्हणजे हिशेबात तीन माणसं.

चर्चचं वेगळं. तिथे बाप्तिस्मा झाला का, लग्न धर्मानुसार लागलं का, माणूस कुठे पुरला, एवढ्यापुरती नोंद. आपल्याकडे तीर्थक्षेत्री उपाध्यांच्या चोपड्या असतात, तशीच ही आपापल्या पंथाची चोपडी. त्या पंथात जे महत्त्वाचं, तेच तिच्यात सापडणार.

हे एकदा डोक्यात बसलं, की कुठला कागद काय सांगेल आणि कुठे गप्प बसेल, याचा अंदाज येतो.

जनगणनेत काय मिळतं? वर्षाप्रमाणे पाहा

१७९० ते १८४० : पहिली जनगणना २ ऑगस्ट १७९० या तारखेला धरून झाली. देशाची लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख. त्यातले जवळपास ७ लाख लोक गुलाम होते. या जनगणनेत नाव लिहिलं जायचं फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीच्यांची नुसती मोजणी : १६ वर्षांवरचे गोरे पुरुष किती, त्याखालचे किती, गोऱ्या स्त्रिया किती, इतर स्वतंत्र माणसं किती, गुलाम किती. म्हणजे बायको, मुलं, म्हातारी आई, सगळी एकेका आकड्यात. पुढच्या जनगणनांत वयाचे गट वाढत गेले, पण १८४० पर्यंत पद्धत तीच राहिली. शिवाय १७९० चे व्हर्जिनिया, न्यू जर्सी, जॉर्जिया अशा काही राज्यांचे कागद हरवलेले आहेत.

१८५० आणि १८६० : इथे मोठा बदल झाला. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, धंदा आणि जन्म कुठल्या राज्यात किंवा देशात झाला, हे लिहायला लागले. गुलामांसाठी मात्र वेगळा तक्ता होता. त्यात नाव असायचं मालकाचं. त्याखाली गुलामाचं वय, लिंग आणि रंग, एवढंच.

१८७० : यादवी युद्ध संपलं होतं, गुलामगिरी कायद्याने गेली होती. पूर्वी गुलाम असलेली लाखो माणसं जनगणनेत पहिल्यांदाच नावानिशी आली.

१८८० : "कुटुंबप्रमुखाशी नातं काय?" हा रकाना पहिल्यांदा आला. आईवडिलांचा जन्म कुठला, हेही विचारलं गेलं. वंशावळ शोधणाऱ्यांना हा कागद फार आवडतो.

१८९० : हा जवळजवळ गेलाच. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीला आग लागली. काही कागद जळले, बरेचसे आग विझवणाऱ्या पाण्यात भिजले आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. जेमतेम ६ हजारांच्या आसपास नावं वाचली. म्हणून १८८० नंतर एकदम १९००. त्या वीस वर्षांत जन्मून घर सोडून गेलेली मुलगी कुठे गेली, हे जनगणना सांगत नाही.

१९०० : जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला किती मुलं झाली आणि त्यातली किती जगली, हे सगळं मिळतं.

जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी लोकांसाठी खुले होतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. १९६० चे बघायला २०३२ उजाडेल.

सुरुवात आजपासून, मग एकेक पायरी मागे

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. घरात ऐकलेलं असतं की "आपले पूर्वज अगदी पहिल्या जहाजाने आले." मग तो १६२० च्या जहाजावरच्या नावांपासून खाली यायला बघतो. आडनाव जुळलं की झालं, वंशावळ तयार!

बरोबर रीत याच्या उलट आहे. स्वतःपासून सुरुवात करायची. स्वतःचा जन्मदाखला, आईवडिलांचा, आजीआजोबांचा. मग १९५०, १९४०, १९३० अशी एकेक जनगणना मागे जायचं. प्रत्येक पायरीवर हा माणूस त्याच आईबापांचा मुलगा आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. एक पायरी जरी अंदाजाने ओलांडली, तरी त्याच्या मागचं सगळं झाड दुसऱ्याच कुणाचं निघू शकतं.

१८५० पर्यंत हा प्रवास त्यातल्या त्यात सोपा असतो. त्याआधी जनगणना फक्त आकडे देते. समजा, १८४० च्या कागदात एका घरात विशीतला एक पुरुष मोजलेला आहे. तो तुमचा पूर्वज असेल, त्याचा भाऊ असेल किंवा शेतावर ठेवलेला गडीही असेल. कागद सांगत नाही. इथून पुढे चर्चचा दरवाजा ठोठवावा लागतो.

कुठल्या चर्चची वही? पंथ कळला तर अर्धं काम झालं

सुरुवातीच्या अमेरिकेत "चर्च" असं एकच काही नव्हतं. प्रत्येक वसाहतीत वेगळा पंथ, वेगळी वही, वेगळी शिस्त.

न्यू इंग्लंडचे प्युरिटन : मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागात चर्चमध्ये सभासद कोण झालं आणि कुणाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला, याच्या नोंदी मिळतात. पण सुरुवातीच्या काळात लग्नाची नोंद तिथे शोधू नका. प्युरिटन लोक लग्नाला दिवाणी करार मानत. लग्न लावायचा न्यायाधिकारी. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद गावाच्या कारकुनाकडे व्हायची. म्हणून न्यू इंग्लंडमध्ये चर्चइतकंच गावदप्तर महत्त्वाचं.

न्यूयॉर्कचे डच : १६६४ मध्ये इंग्रजांनी ताबा घेण्याआधी न्यूयॉर्कचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी १६३९ पासूनच्या उपलब्ध आहेत. यात दोन गोष्टी सोन्यासारख्या. पहिली, डच नोंदींत बायकांचं माहेरचं नाव सहसा टिकतं. दुसरी, बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण होते ते लिहिलेलं असतं आणि ते पुष्कळदा आजीआजोबा, काका किंवा मावशी असतात. अडचण अशी, की तेव्हा बऱ्याच जणांना कायमचं आडनावच नव्हतं. जॅनचा मुलगा तो यान्सेन. म्हणजे बाप आणि मुलगा यांची 'आडनावं' वेगळी!

क्वेकर : पेनसिल्व्हेनियातला हा पंथ नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर. लग्नाला आलेली मंडळी विवाहपत्रावर सह्या करायची. म्हणजे अख्खा गोतावळा एका कागदावर. एका गावातून दुसरीकडे राहायला जायचं तर सभेकडून दाखला घ्यावा लागे. त्यामुळे कुटुंब कुठून कुठे गेलं, याचा माग लागतो. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून कुणाला काढून टाकलं असेल, तर तेही लिहिलेलं सापडतं.

बॅप्टिस्ट : हे लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस कळता झाल्यावर, स्वतःच्या श्रद्धेने बाप्तिस्मा घेतो. म्हणून बॅप्टिस्ट चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्माचा अंदाज बांधायला गेलात, तर फसाल.

कॅथलिक : मेरीलँड, लुइझियाना आणि फ्लोरिडा हे जुने कॅथलिक भाग. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनच्या नोंदी तर १५९४ पासूनच्या आहेत, म्हणजे इंग्रजांनी जेम्सटाउन वसवायच्याही आधीच्या. कॅथलिक वह्यांत पुष्कळदा लॅटिन नावं असतात. जेम्सचा याकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मस. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांबरोबर धर्ममातापिता असतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कॅथलिक धर्मगुरू गुलामांचेही बाप्तिस्मे आणि लग्नं नोंदवत. सरकारच्या तक्त्यात ज्याला नाव नव्हतं, त्याला चर्चच्या वहीत नाव असू शकतं.

इथून आपण परत नीली हॉकिन्सकडे येऊ.

१८७० ची भिंत

आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांचा शोध घेणारे लोक "१८७० ची भिंत" असा शब्द वापरतात. १८७० च्या जनगणनेपर्यंत नाव मिळतं. त्याच्या मागे १८६० आणि १८५० मध्ये फक्त "पुरुष, वय ३५, काळा" असा एक आकडा. तो माणूस तुमचाच, हे कसं ठरवणार?

भिंत ओलांडायची तर मालकाचं नाव शोधावं लागतं. माणसाला मालमत्ता मानलं जायचं, म्हणून तो मालमत्तेच्या कागदांत सापडतो : विक्रीखत, गहाणखत, मृत्युपत्र, मालक मेल्यावर केलेली वस्तूंची यादी. नांगर, घोडे, पलंग आणि त्याच यादीत माणसं, नावासकट आणि किमतीसकट. वाचायला जड जातं. पण पुष्कळांना आपल्या पूर्वजाचं नाव याच कागदात पहिल्यांदा दिसतं.

कॉर्नेलियसची गोष्ट अशी. जॉर्जटाउन हे वॉशिंग्टनमधलं जेझुइटांचं कॉलेज, आजचं नामवंत विद्यापीठ. १८३८ मध्ये ते कर्जात होतं. मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रमुख थॉमस मलेडी यांनी संस्थेच्या मळ्यांवरचे २७२ गुलाम विकायचा करार केला. घेणारे होते लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. किंमत १ लाख १५ हजार डॉलर.

पुढे कित्येक वर्षांनी या विक्रीची चर्चा निघाली, तेव्हा एका माजी विद्यार्थ्याच्या कानावर आलं की ती माणसं लुइझियानाच्या दलदलीत तापाने लवकरच मेली. म्हणजे वंशजांचा प्रश्नच नाही! रिचर्ड सेलिनी नावाच्या या गृहस्थांना ते काही पटेना. २७२ माणसं आणि एकही वंशज नाही? त्यांनी २०१५ मध्ये स्वतःहून काम सुरू केलं आणि वंशावळ शोधणारी तज्ज्ञ मंडळी कामाला लावली. कॉर्नेलियसचा माग त्यातूनच लागला.

पायऱ्या अशा होत्या.

पहिली पायरी, जहाजाची यादी. 'कॅथरीन जॅक्सन' नावाच्या जहाजातून १३० जणांना न्यू ऑर्लिन्सला नेलं. ६ डिसेंबर १८३८ रोजी तिथल्या तपासनिसाने सगळी माणसं यादीशी ताडून पाहिली. यादी का होती? १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला बंदी होती. देशातल्या देशात समुद्रमार्गे गुलाम न्यायचे, तर ते नव्याने आणलेले नाहीत हे दाखवण्यासाठी प्रत्येकाची नोंद करावी लागे. कायदा कुणाला वाचवण्यासाठी केला आणि आज तो कुणाच्या कामी आला, बघा. यादीत कॉर्नेलियस आहे.

दुसरी पायरी, मालमत्तेचे कागद. त्यानंतर तो बारा-तेरा वर्षं कुठेच दिसत नाही. १८५१ च्या कागदात पुन्हा सापडतो. नावापुढे किंमत : ९०० डॉलर.

तिसरी पायरी, १८७० ची जनगणना. आता तो स्वतंत्र माणूस आहे. शेतमजूर, नवरा, बाप. वय लिहिलंय साधारण ४८.

चौथी पायरी, चर्चची वही. जिथे त्याला नेलं होतं तिथून चर्च फार दूर होतं. त्यामुळे लग्न धर्मगुरूविना, दिवाणी पद्धतीने झालं होतं. जनगणनेनंतर सहा वर्षांनी, पहिलं मूल होऊन जवळपास तीस वर्षं झाल्यावर, या जोडप्याने धर्मगुरूसमोर लग्नाची शपथ पुन्हा घेतली. त्यांची मुलं, नातवंडं कॅथलिकच राहिली. मग काय, बाप्तिस्मा, लग्न, दफन, पुन्हा बाप्तिस्मा, अशी साखळी वहीच्या पानापानांवरून पुढे सरकत गेली आणि थेट बॅटन रूजमधल्या त्या महिलेपर्यंत पोहोचली.

ज्या संस्थेने त्याला विकलं तिचाच धर्म त्याने टिकवला. त्या धर्माच्या वह्यांनीच त्याचा वंश सापडवून दिला. या शोधातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट बहुधा हीच.

फसायच्या जागा

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. १८३८ मध्ये १३ वर्षांचा मुलगा १८७० मध्ये ४५ चा हवा. जनगणनेत ४८ कसा? आणि दगडावर कॉर्नेलियसऐवजी नीली का? चला, एकेक खड्डा पाहू.

वय : जुन्या कागदांत दोन-चार वर्षांचा फरक ही रोजची गोष्ट. जन्मतारीख पुष्कळांना माहीत नसायची. जनगणनेला आलेल्या माणसाला माहिती कुणी दिली हेही कळत नाही. घरधनी शेतावर असेल, तर बायकोने, पोराने किंवा शेजाऱ्यानेही दिली असेल. फरक दिसला म्हणून माणूस लगेच बाद करू नये. तसंच, वय तंतोतंत जुळलं म्हणून लगेच आपला मानू नये.

नाव : नीली हे कॉर्नेलियसचं लाडाचं रूप. पॉली म्हणजे मेरी, पेगी म्हणजे मार्गारेट. त्यात लिहिणारा कानाला येईल तसं लिहायचा. एकाच माणसाचं आडनाव तीन जनगणनांत तीन तऱ्हांनी सापडतं. म्हणूनच अमेरिकेत 'साउंडेक्स' नावाची पद्धत निघाली. तिच्यात आडनावं अक्षरांऐवजी उच्चाराच्या जवळिकीनुसार गटांत लावतात. शोधताना स्पेलिंगवर अडून बसू नका.

तारीख : १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत जुनं कॅलेंडर चालायचं. नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ चा, नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ चा. दोन्ही बरोबर! क्वेकर तर महिन्यांची नावंच लिहीत नसत, फक्त आकडा टाकत. १७५२ च्या आधी त्यांचा "पहिला महिना" म्हणजे मार्च. हे माहीत नसेल, तर बाळ आईबापांच्या लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं.

नातं : १८८० च्या आधी जनगणनेत नातं लिहिलेलं नाही. एका घरात पुरुष, बाई आणि चार मुलं दिसली की आपण गृहीत धरतो नवरा, बायको, लेकरं. ती त्याची बहीण असू शकते. मुलं पहिल्या बायकोची असू शकतात. अनाथ पुतणे असू शकतात.

एकच नाव, दोन माणसं : हा सगळ्यांत खोल खड्डा आणि यात मोठमोठे पडले आहेत. ॲलेक्स हेली यांचं 'रूट्स' हे १९७६ मधलं गाजलेलं पुस्तक. आफ्रिकेतल्या कुंता किंतेला १७६७ मध्ये जहाजाने ॲनापोलिसला आणलं आणि व्हर्जिनियातल्या वॉलर कुटुंबात त्याचं नाव टोबी झालं, अशी ती कहाणी. या पुस्तकामुळे अमेरिकेत घरोघरी लोक आपले पूर्वज शोधायला लागले. पण १९८१ मध्ये गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या अभ्यासकांनी व्हर्जिनियाचे कागद तपासले. वॉलर कुटुंबाच्या कागदांत टोबी नावाचा माणूस १७६७ च्या आधीपासूनच होता! म्हणजे जहाजाने आलेला तो हा नव्हेच. पुस्तकाने लोकांना दिलेली उमेद खरीच होती. टोबी मात्र दुसराच कुणी निघाला.

मग "सापडला" कधी म्हणायचं?

याच एलिझाबेथ शोन मिल्स यांनी पुढे एक साधा मार्ग सांगितला : एकट्या माणसाला शोधू नका, त्याचा गोतावळा शोधा. मित्र, व्यवहारातली माणसं, शेजारी. लग्नाला साक्षीदार कोण? धर्ममाता कोण? जनगणनेत वरच्या आणि खालच्या ओळीत कुणाचं घर? जमिनीच्या व्यवहारात सही कुणाची? जॉन स्मिथ एका जिल्ह्यात दहा असतील. पण ज्याच्या मुलाचे धर्ममातापिता अमुक, शेजारी तमुक आणि सासरा फलाणा, असा जॉन स्मिथ एकच. त्या काळी कुटुंबं एकटी फारशी फिरत नसत. दहा घरं मिळून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. तुमचा माणूस हरवला, तर शेजारी शोधा. त्याच्या शेजारी तुमचाही सापडायची शक्यता मोठी.

थोडक्यात तपासणी अशी :

१. वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेले किमान दोन कागद तीच गोष्ट सांगतात का? चर्चची वही आणि जनगणना एकमेकांना बघून लिहिलेली नसतात, म्हणून दोन्ही जुळल्या तर वजन येतं.

२. न जुळणारी माहिती लपवली तर नाही ना? तिचा उलगडा व्हायला हवा.

३. त्या भागात त्याच नावाचा दुसरा माणूस नव्हता, हे पाहिलं का?

४. मूळ पानाचा फोटो स्वतः पाहिला, की कुणीतरी टाइप केलेली यादी? यादीत चुका असतात. मूळ पानावर शेजारच्या ओळीही दिसतात.

५. ऑनलाइन सापडलेलं तयार झाड थेट उचललं तर नाही ना? हजार जणांनी कॉपी केलं म्हणून चूक बरोबर होत नाही.

कुठे शोधायचं?

जनगणनेचे मूळ कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत आणि त्यांचे फोटो ऑनलाइन पाहता येतात. मॉर्मन चर्चने चालवलेली 'फॅमिलीसर्च' ही वेबसाइट फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. 'ॲन्सेस्ट्री'सारख्या वेबसाइट पैसे घेतात.

चर्चच्या वह्यांचं तसं नाही. काही छापलेल्या आहेत, काहींचे फोटो आहेत आणि बऱ्याच अजून त्या-त्या चर्चच्या किंवा धर्मप्रांताच्या कपाटात आहेत. चर्च बंद पडलं असेल, तर वही पंथाच्या मध्यवर्ती दप्तरात, कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा शेवटच्या पाद्र्याच्या घरच्यांकडेही गेलेली असू शकते. पत्र लिहावं लागतं, वाट बघावी लागते. गुलामांच्या नोंदी असलेल्या चर्चच्या वह्यांचे फोटो जमवण्याचं मोठं काम व्हँडरबिल्ट विद्यापीठाने केलं आहे. जॉर्जटाउनच्या २७२ जणांच्या शोधाची माहिती 'जीयू२७२' या नावाने ऑनलाइन खुली आहे.

आता कुणी म्हणेल, आपला काय संबंध? ज्यांच्या घरात अमेरिकन सून किंवा जावई आला आहे, त्यांच्या नातवंडांच्या झाडाची अर्धी फांदी याच कागदांत आहे. आजोबांनी इकडची वंशावळ लिहून द्यायची आणि तिकडच्या आजीने तिकडची. सुट्टीतला याहून चांगला उद्योग नाही!

कागद सापडल्यावर काय झालं?

जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१७ च्या एप्रिलमध्ये वंशजांना बोलावून त्यांच्यासमोर माफी मागितली. मलेडी यांचं नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. विक्रीखतात सगळ्यांत वर त्यांचंच नाव होतं. वंशजांना प्रवेशात प्राधान्य द्यायचं विद्यापीठाने २०१६ मध्येच जाहीर केलं होतं. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर मिळून १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. हे पुरेसं आहे का, यावर वंशजांमध्येच मतभेद आहेत आणि ते साहजिक आहेत.

पण "ती सगळी तापाने मेली" हे वाक्य आता कुणी बोलू शकत नाही. हजारो वंशज सापडले आहेत. जहाजाच्या यादीतली एक ओळ, जनगणनेतली दुसरी, चर्चच्या वहीतली तिसरी आणि आडवा पडलेला एक दगड. कुठलाही कागद एकटा बोलला नाही. चारही शेजारी शेजारी ठेवल्यावर १३ वर्षांचा तो मुलगा पुन्हा कुणाचा तरी खापरपणजोबा झाला.